प्रवेश परीक्षा: मॅट्रिकपासून सीईटीपर्यंत

प्रवेश परीक्षा दोन जातींच्या असतात. पहिली परीक्षा उमेदवार पुढच्या शिक्षणाला लायक आहे की नाही एवढेच पाहते. दुसरी लायक ठरलेल्यांतून मोजक्या जागांसाठी माणसे निवडते. पहिलीत कितीही जण उत्तीर्ण होऊ शकतात. दुसरीत जागा संपल्या की दार बंद होते. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात पहिली जात आली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरीने तिची जागा घेतली. एका गावाचे उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातले हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे विदर्भात ओळखले जाते. गावातच शाळा आहे, कृषी महाविद्यालयही आहे. तरीही इथल्या मुलाला दहाव्या-अकराव्या वर्षी नवोदय किंवा सैनिक शाळेची परीक्षा आणि सतराव्या-अठराव्या वर्षी सीईटी ही राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा किंवा नीट ही वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा द्यावी लागते. या परीक्षांचे प्रश्न वेगळे, गुण देण्याच्या पद्धती वेगळ्या. पण गावच्या मुलाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक तिसऱ्याच गोष्टीत आहे: त्याची तुलना कोणाशी केली जाते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. हीच पुढे मॅट्रिक म्हणून घरोघरी माहीत झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मॅट्रिकमध्ये जागांची मर्यादा नव्हती, पण इंग्रजीची भिंत उंच होती. शाळेत शिकलेले लिहून दाखवायचे, तेही परक्या भाषेत, अशी ही परीक्षा होती. पुढच्याच दशकात विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून मराठीला बाहेर काढले आणि ती परत यावी म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले. परीक्षा कोणत्या भाषेत घ्यायची हा प्रश्न परीक्षेइतकाच जुना आहे.

वऱ्हाडातल्या मुलाला महाविद्यालयासाठी त्या काळी फार दूर जावे लागे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. नागपूरचे मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले. नागपूर विद्यापीठ आणि अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज ही दोन्ही १९२३ मध्ये सुरू झाली. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वऱ्हाडात शाळा-वसतिगृहे उभी राहू लागली. या साऱ्या काळात प्रवेशाचा अडथळा शाळा, पैसा आणि अंतर यांचा होता. मॅट्रिक झालेल्या मुलाला कॉलेजात जागा नाही, ही तक्रार तेव्हा नव्हतीच. मॅट्रिकपर्यंत पोहोचणारेच मूठभर होते.

दरम्यान जगात दुसऱ्या जातीची परीक्षा घडत होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने भरती झालेल्या लाखो जवानांना बुद्धिमत्तेच्या चाचण्या दिल्या. त्या कामात असलेले मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी पुढे विद्यापीठांच्या प्रवेशासाठी एसएटी तयार केली. ती १९२६ मध्ये प्रथम घेतली गेली. शाळेत काय शिकवले गेले याला महत्त्व न देता उपजत कुवत मोजायची, म्हणजे साध्या शाळेतला हुशार मुलगाही हाती लागेल, असा तिचा दावा होता. या दाव्याचा पाया कच्चा होता. ब्रिगहॅम यांनी १९२३ च्या पुस्तकात सैन्याच्या चाचण्यांवरून वंशावंशांतल्या बुद्धीची उतरंड मांडली होती आणि १९३० मध्ये स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. भाषेची आणि घरातल्या वातावरणाची ओळख असलेल्यालाच अशा चाचणीत अधिक गुण मिळतात, हे तेव्हाच पुरेसे उघड झाले होते. १९५९ मध्ये आयोवातून ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी एसीटी ही स्पर्धक परीक्षा आणली. तिचा भर शाळेत शिकवलेल्या विषयांवर होता. खासगी शाळांसाठी १९५७ मध्ये एसएसएटी निघाली, नंतर आयएसईई आली. या दोन्हींत शब्दसंग्रह, वाचन आणि गणित यांचा कस लागतो. एसएसएटीच्या वरच्या इयत्तांच्या परीक्षेत चुकीच्या उत्तरासाठी पाव गुण कापला जातो, आयएसईईत कापला जात नाही. कुवत मोजायची की अभ्यास, आणि अंदाजाला शिक्षा करायची की नाही, हे अमेरिकेतले दोन्ही वाद पुढे महाराष्ट्रात जसेच्या तसे आले.

मराठी मुलांची बुद्धी मराठीतून मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी केला. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमत्ता चाचणीची कन्नड आणि मराठी मुलांसाठी त्यांनी नव्याने जुळणी केली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. परक्या मुलांसाठी बनवलेली चाचणी नुसती भाषांतरित करून चालत नाही. इथल्या मुलांवर ती पुन्हा वापरून, कोणत्या वयाला कोणता प्रश्न जमतो हे ठरवावे लागते. कामतांनी हेच केले. प्रमाणित चाचणी म्हणजे काय, हे समजून घ्यायला आजही त्यांच्या कामासारखे चांगले उदाहरण नाही. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. या शाळेत मुले निवडताना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धीविषयीच्या मांडणीवर आधारलेल्या चाचण्यांचा उपयोग झाला. महाराष्ट्रातल्या खासगी शाळेने शास्त्रीय चाचणीवर प्रवेश द्यावा, असे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. पण ही सोय पुण्याची होती. मेहकर तालुक्यातल्या मुलापर्यंत ती पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.

गावापर्यंत पोहोचली ती शिष्यवृत्ती परीक्षा. १९५४-५५ पासून राज्यात चौथी आणि सातवीसाठी ती होऊ लागली. पुढे २०१७ पासून पाचवी आणि आठवीला घेतली जाऊ लागली. भाषा आणि गणिताच्या जोडीला तिच्यात बुद्धिमत्ता चाचणी असते. आकृतिबंध, संख्यामालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध या प्रश्नप्रकारांशी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांची गाठ प्रथम इथे पडली. शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी शिष्यवृत्तीचे जादा तास घेणारे गुरुजी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत होऊन गेले आणि आजही आहेत. त्यांनी कसलीही फी न घेता जी तयारी करून घेतली, तिचे मोल या इतिहासात फार मोठे आहे. मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना १९६६ मध्ये राज्याने शासकीय विद्यानिकेतने काढली. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना निवडून, वसतिगृहात ठेवून, सरकारी खर्चाने शिकवायचे, ही कल्पना होती. विदर्भात त्यांपैकी एक अमरावतीला झाले. त्याआधी, २३ जून १९६१ रोजी, देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली होती.

याच कल्पनेचे देशव्यापी रूप म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय. राजीव गांधी पंतप्रधान आणि पी. व्ही. नरसिंह राव शिक्षण खात्याचे मंत्री असताना १९८५-८६ मध्ये प्रयोगादाखल दोन नवोदये उघडली: एक हरियाणातल्या झज्जरला, दुसरे अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांना पक्के स्थान दिले आणि जिल्ह्याला एक असा विस्तार झाला. बुलढाणा जिल्ह्याचे नवोदय शेगावला आहे. सहावीत ८० मुलांना प्रवेश मिळतो आणि त्यासाठीची निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. चाचणी दोन तासांची, ८० प्रश्नांची, १०० गुणांची असते. त्यातले निम्मे, म्हणजे ५० गुण, मानसिक क्षमतेच्या ४० प्रश्नांना आहेत. अंकगणिताला २५ आणि भाषेला २५ गुण आहेत. मानसिक क्षमतेचे प्रश्न आकृत्यांचे असतात: वेगळी आकृती ओळखा, अपुरी आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा निवडा. यांत वाचण्यासारखे जवळजवळ काही नाही. ज्या घरात पुस्तके नाहीत त्या घरातल्या मुलाचे शब्दांच्या प्रश्नात नुकसान होते, ते आकृतीत पुष्कळ कमी होते. बाकीची प्रश्नपत्रिकाही मुलाला मराठीतून सोडवता येते आणि केंद्र तालुक्यातच असते.

तरीही नवोदयची खरी ताकद आकृत्यांत नाही, प्रवेशाच्या नियमांत आहे. ज्या जिल्ह्याचे विद्यालय त्याच जिल्ह्याच्या मुलांना अर्ज करता येतो. किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांच्या, किमान एक तृतीयांश मुलींच्या. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत काढलेली असावी लागतात. म्हणजे हिवरा आश्रमच्या मुलीची तुलना बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांतल्या तिच्यासारख्याच मुलामुलींशी होते. पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुलाशी तिची गाठ पडत नाही. चाचणीतून बुद्धी नेमकी किती मोजली जाते यावर वाद घालता येईल. पण वर्षानुवर्षे त्या ८० जणांत बहुसंख्य खेड्यातली मुले असतात, आणि ते या नियमांमुळे.

सैनिक शाळेची परीक्षा याच वयाची, पण बेत वेगळा. सहावीच्या प्रवेशासाठी ३०० गुण असतात. त्यांतले १५० एकट्या गणिताचे. भाषा, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता यांना प्रत्येकी ५०. नवोदयमध्ये निम्मा वाटा असलेली बुद्धिमत्ता इथे एक षष्ठांशावर येते. गणित हा शिकवण्यावर सर्वांत जास्त अवलंबून असलेला विषय. साहजिकच चांगला गणित शिक्षक किंवा खासगी वर्ग ज्याला मिळाला तो पुढे जातो. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते. नववीच्या प्रवेशाची मात्र केवळ इंग्रजीत होते. ६७ टक्के जागा शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या मुलांना मिळतात. साताऱ्यानंतर चंद्रपूरला २०१९ मध्ये सैनिक शाळा सुरू झाली आणि विदर्भाच्या मुलाचे अंतर थोडे कमी झाले.

लहान वयाच्या इतर शाळांसाठी कायद्याने उलट दिशा धरली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास बंदी केली. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना द्यायच्या, आणि अर्ज जास्त आले तर सोडत काढायची. सोडतीत हुशारीला, तयारीला, कोणत्याच गुणाला स्थान नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाची परीक्षा घेणे म्हणजे त्याच्या आईवडिलांची परीक्षा घेणे, हा विचार त्यामागे आहे आणि तो बरोबर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून वगळले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. अकरावीलाही एकदा परीक्षा आणायचा प्रयत्न झाला. कोरोनामुळे २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा राज्याने अकरावीसाठी सीईटी जाहीर केली, पण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द ठरवली.

विद्यापीठीय शिक्षणाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारे राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. १०+२+३ या नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ मध्ये झाली, त्यामागून बारावी. बारावीचे विज्ञान विषयांचे गुण हेच पुढे कित्येक वर्षे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे तिकीट होते. १९८३ पासून वसंतदादा पाटील यांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या आणि प्रवेशासाठी घेतली जाणारी देणगी, म्हणजे कॅपिटेशन फी, हीही वाढली. १९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यापासून २००२ च्या टी. एम. ए. पै आणि २००५ च्या इनामदार खटल्यापर्यंत सर्वोच्च न्यायालयासमोर खासगी महाविद्यालयांचे प्रवेश पुन्हा पुन्हा आले. पैशाऐवजी गुणवत्तेवर प्रवेश द्यायचा तर ती गुणवत्ता सर्वांना एकाच मापाने मोजायला हवी, असा त्या वादाचा रोख होता. निरनिराळ्या मंडळांचे गुण सारखे धरता येत नाहीत आणि काही केंद्रांवर कॉपी चालते, या तक्रारी होत्याच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सामायिक परीक्षा आली. काही वर्षांत अभियांत्रिकीही तिच्यात आली.

त्यानंतरची धरसोड मुलांना फार जड गेली. २०१३ मध्ये पहिली नीट झाली आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. महाराष्ट्राने पुन्हा सीईटी घेतली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आपला आधीचा निकाल मागे घेतला, मे महिन्यात केंद्राने अध्यादेश काढून राज्यांना एका वर्षाची सवलत दिली आणि २०१७ पासून वैद्यकीयसाठी नीट कायम झाली. अभियांत्रिकीसाठी २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे जेईई मेन ही देशव्यापी परीक्षा वापरली गेली. २०१६ मध्ये सीईटी परत आली आणि २०१९ पासून ती संगणकावर होऊ लागली. ज्या मुलाने अकरावीत एका परीक्षेची तयारी सुरू केली त्याला बारावीत दुसरीच द्यावी लागली. शहरातला खासगी वर्ग महिनाभरात आपला अभ्यासक्रम बदलतो. तालुक्याच्या गावातला विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक यांच्या हाती नवी पुस्तके यायलाच वेळ लागतो.

या परीक्षांचे अंतरंगही निरनिराळे आहे. सीईटीत साधारण वीस टक्के भार अकरावीवर आणि ऐंशी टक्के बारावीवर असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि पाया राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाचा असतो. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला वजा एक. गणिताने पाहिले तर नीटमध्येही चार पर्यायांतून अंदाजाने उत्तर दिल्यास सरासरी पाव गुण पदरात पडतो, आणि एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळले तर सरासरी दोन तृतीयांश गुण. हे हिशेब ज्याला कोणी समजावून सांगितले तो धीराने उत्तर देतो. ज्याला नाही तो घाबरून प्रश्न सोडतो. भाषेची गोष्टही तशीच. नीट मराठीतून देता येते, जेईई मेनही देता येते. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतून आहे, पण गणित फक्त इंग्रजीत.

सीईटी आणि जेईई मेन अनेक सत्रांत होतात आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातले शंभरातले ९० जण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुणांचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सत्रात दहा हजार परीक्षार्थी असतील तर ९९ पर्सेंटाइलच्या मुलापुढे शंभर जण असतात. मॅट्रिकच्या गुणपत्रिकेवरून मुलाला काय येते हे कळत असे. पर्सेंटाइलवरून त्याच्या मागे किती जण आहेत एवढेच कळते.

निवड परीक्षा आली की तयारीची बाजारपेठ येतेच. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि दयानंद महाविद्यालयाने बारावीच्या गुणवत्ता यादीच्या काळात कसून सराव घेण्याची जी पद्धत रूढ केली ती लातूर पॅटर्न म्हणून प्रसिद्ध झाली. परीक्षा बदलली तसा लातूरनेही अभ्यास बदलला. पश्चिम विदर्भात अकोला असेच केंद्र झाले. अकरावीला गाव सोडून खोली घेऊन राहायचे आणि दोन वर्षे फक्त परीक्षेसाठी जगायचे, हा आता मध्यमवर्गीय शेतकरी कुटुंबाचाही मोठा खर्च आहे. कोरडवाहू सोयाबीन-कापसाच्या उत्पन्नावर तो झेपत नाही. तमिळनाडूने हे ओळखून २००६ च्या सुमारास राज्याची प्रवेश परीक्षाच बंद केली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. नीट सक्तीची झाली तेव्हा वैद्यकीयपुरता तो निर्णय निष्फळ ठरला. अमेरिकेतही कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२१ मध्ये एसएटीचा विचार करणे थांबवले. उलट एमआयटीने कोरोनाकाळातली सूट मागे घेऊन २०२२ मध्ये ती पुन्हा आवश्यक केली.

महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशांना आणखी एक नियम होता. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग करून त्या त्या विभागातल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा तिथल्याच मुलांना दिल्या जात; ३० टक्के राज्यातल्या सर्वांना खुल्या असत. मराठवाड्यात महाविद्यालये कमी आणि लातूर-नांदेडची तयारी भक्कम, त्यामुळे तिथल्या मुलांना जास्त गुण असूनही जागा मिळत नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षे होती आणि ती खरी होती. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ७०:३० चे सूत्र रद्द केले. मराठवाड्यावरचा अन्याय दूर झाला. त्याच वेळी विदर्भाच्या मुलाचे विभागीय कुंपण गेले आणि त्याची तुलना थेट संपूर्ण राज्याशी होऊ लागली.

२०२४ मध्ये राज्यात नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत बुलढाणाही आहे. तिथे एमबीबीएसच्या १०० जागा आहेत. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्याच्या यादीतून नीटच्या गुणांवर भरल्या जातात. जिल्ह्यासाठी त्यांत एकही राखीव नाही. शेगावच्या नवोदयातल्या ८० जागांसाठी मात्र आजही बुलढाणा जिल्ह्यातलीच मुले परीक्षा देतात.